न झालेल्या गोलांची नोंद ठेवणाऱ्या नानांना

नाना, सादर नमस्कार.

हे समोर बसून सांगायला लागले की तुम्ही विषय बदलता. यंदा मोहोर कसा आहे, आजीचा गुडघा कसा आहे, असलं काहीतरी विचारता. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

तुम्ही सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, हॉकीसाठी मुली गोळा करायच्या आधी मी जिथे हॉकी शिकले, तिथे सामना संपला की एकच प्रश्न असायचा: गोल किती मारलेस? मी बचावात खेळणारी, माझं उत्तर कायम शून्य. आमच्यावर पेनल्टी कॉर्नर आला, म्हणजे दंड म्हणून समोरच्यांना आमच्या गोलवर फटका मारायची संधी मिळाली, की तो फटका अडवायला "तू पळ" एवढंच सांगायचे. कुठल्या रेषेत पळायचं, स्टिक कुठे ठेवायची, मागे गोलकीपरला काय दिसायला हवं, काही नाही. एकदा चेंडू नडगीवर बसला, पंचांनी पुन्हा कॉर्नर दिला, आणि मी लंगडत उभी असताना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं: पाय कशाला मधे घालतेस? पुढे एका निवड शिबिरातून तर "रत्नागिरीच्या पोरींनी कबड्डी खेळावी" असं म्हणून परत पाठवलं. कबड्डी आम्हाला प्रियच आहे. पण त्या माणसाच्या बोलण्यात कबड्डीवरचं प्रेम नव्हतं. हा राग मी सोडलेला नाही, आणि सोडावा असं वाटतही नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी नडगीवरचा काळा डाग बघितलात आणि विचारलंत, "किती जवळ पोचलेलीस गो?" मग नियम सांगितलात. कॉर्नरवरच्या पहिल्या फटक्याच्या पाच मीटरच्या आत असताना चेंडू गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर. नेहमीच्या पवित्र्यात पळताना गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक, फ्री हिट आपल्याला. "म्हणजे तू पोचलेलीस. आता वाकून पोच, स्टिक जमिनीला लावून." इतकी वर्षं जी गोष्ट माझा दोष म्हणून सांगितली गेली, तीत तुम्हाला माझं काम दिसलं.

कॉर्नरला गोलकीपर धरून पाचजणी बॅकलाइनच्या, म्हणजे गोलच्या रेषेच्या मागे, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. चेंडू आत ढकलल्यापासून फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढून मारलेला फटका, सुटेपर्यंत दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि तेवढ्यात गोलसमोरच्या १४.६३ मीटरच्या डीच्या टोकाकडे झेपावायचं. आधी सुटलं तर ती मुलगी मध्यरेषेपलीकडे जाते आणि चारच जणी उरतात. आम्हाला वाटायचं, जी सगळ्यात वेगवान तीच पहिली धावणार. तुम्ही निवडताना वेग बघितला नाहीत. दर वेळी त्याच रेषेत कोण पळते ते बघितलंत. कारण पळणारीने एक बाजू खात्रीने बंद केली तर गोलकीपरला उरलेली बाजूच राखायची असते. पळणारी आज इकडून, उद्या तिकडून गेली की मागची गोलकीपर बिचारी अंदाज करत बसते. "चेंडू नको बघू गो, तिचे हात बघ," हे फ्लिक मारणारीबद्दलचं तुमचं वाक्य अजून कॉर्नरच्या वेळी कानात येतं.

पावसात सडा बंद असायचा तेव्हा तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात मोबाइलवर सामने दाखवायचात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ५ ऑगस्ट २०२१ ला भारताने जर्मनीला ५-४ हरवलं, शेवटच्या सेकंदांतला कॉर्नर आपला गोलकीपर श्रीजेशने अडवला, हे सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही श्रीजेशपाशी थांबायचात आणि मग अमित रोहिदासपाशीही थांबायचात. सुंदरगडचा हा बचावपटू वर्षानुवर्षं आपल्या संघासाठी त्या फ्लिकसमोर पळत गेला. पॅरिसला २०२४ मध्ये ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं. बाकीच्या दहाजणांनी चाळीस मिनिटांहून जास्त वेळ किल्ला लढवून १-१ वर शूटआउट गाठलं आणि ते ४-२ ने जिंकलं. बंदीमुळे तो उपांत्य सामन्यात नव्हता, आणि जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर पेइयातने केला. आपण २-३ ने हरलो. तो एक खेळाडू नव्हता म्हणून हरलो असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणाला नाहीत. पण "ह्या कॉर्नरला कोण पळालं, बघा," एवढं म्हणून तुम्ही तो तुकडा पुन्हा लावलात, आणि त्या दिवशी आम्हाला आमच्या जागेची किंमत कळली.

आता कोल्हापूरच्या सामन्याबद्दल. शेवटची मिनिटं, आम्ही एका गोलने पुढे, आमच्या एकीला हिरवं कार्ड, म्हणजे दोन मिनिटं दहाजणी, आणि त्यातच कॉर्नर. मी माझ्या रेषेत पळाले. फ्लिक मारणारीने मला बघितलं आणि हात फिरवून चेंडू दुसऱ्या बाजूला ओढला. आमची गोलकीपर तिथेच होती. पॅडवर लागून चेंडू बाहेर. सगळ्या आनंदाने तिच्या अंगावर पडल्या, आणि पडायलाच हव्या होत्या. सामन्याच्या कागदावर माझं नाव कुठेच आलं नाही.

तेव्हा तुम्ही तुमची वही काढलीत. "झाले" आणि "टळले" असे दोन रकाने, प्रत्येक कॉर्नरला कोण पळालं, पोस्टवर कोण होतं, सगळं त्यात. मला वाटलं तुम्ही लिहाल. तुम्ही वही माझ्याकडे फिरवलीत, पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "तुझं तू लिही. तिथे काय झालं ते तुलाच ठाऊक." मी लिहिलं: फ्लिक दुसऱ्या बाजूला वळवायला लावली. तुम्ही वाचलंत, खाली तारीख घातलीत आणि वही मिटलीत. आंबा घाट उतरेपर्यंत मी रडत होते, आणि गाडीतल्या कुणालाही कारण सांगता आलं नाही.

नाना, आपल्याकडे अशी माणसं आहेत, फक्त ती स्टेजवर दिसत नाहीत. मिरकरवाड्याच्या ज्या काकांनी जुनं जाळं आमच्या गोलपोस्टला बांधून दिलं, त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. पोरींच्या गुडघ्यांना पट्ट्या शिवून देणाऱ्या मावशींनी आजवर एकही सामना पाहिलेला नाही. तुम्ही स्वतःच्या पेन्शनमधून कॉर्नरला तोंडावर घालायचे मास्क आणलेत आणि ते कुणी आणले हे आम्हाला दुकानाच्या पावतीवरून कळलं. मला शिकवणाऱ्या आधीच्या लोकांकडे मैदान होतं, निधी होता, सत्काराच्या शाली होत्या. माझ्या नडगीकडे नीट बघायला मात्र तुम्हीच आलात.

आमच्या वाडीतली सातवीतली एक मुलगी येत्या रविवारी सोबत घेऊन येते. तिला स्टिक धड धरता येत नाही, पण चेंडू अंगावर येताना ती डोळे मिटत नाही. तिच्यासाठी लहान मापाचा मास्क लागेल. त्याचे पैसे या वेळी मी देणार आहे, तुम्ही नाही म्हणायचं नाही.

तुमची,
पहिली धावणारी