सहा जणांना पत्र आलं नव्हतं

प्रिय श्रीरंग,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी फोनवर मी ‘नेसरी ही चूकच होती’ असं म्हणालो आणि तू पुढे अक्षरही न बोलता फोन ठेवलास. नंतर दोनदा लावला, उचलला नाहीस. तुझा राग मला कळतो. तू बावीस वर्षं फौजेत काढलीस, आणि मी घरात बसून शिवाजी महाराजांच्या सरनोबताच्या, सेनापती प्रतापराव गुजरांच्या, चुका काढतोय असं तुला वाटलं असणार. फोनवर मला धड मांडता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी उमराणी आठव. १६७३ साल. बहलोलखानाची आदिलशाही फौज प्रतापरावांनी कोंडली, पाणी तोडलं. माणसं-जनावरं तहानेने कासावीस झाली. खानाने गयावया केली आणि रावांनी त्याला वाट दिली. आदल्याच वर्षी साल्हेरला मोगलांची दाणादाण उडवणारा हा माणूस. त्याला लढाई कळत नव्हती असं कोण म्हणेल? पण हातात आलेला खान त्यांनी सोडला. महाराजांनी काय विचारलं ते बखरकार सभासदाने टिपून ठेवलंय: ‘सला काय निमित्त केला?’ म्हणजे, तह कशासाठी केला? त्यांचा राग रास्तच होता, कारण तोच खान पुन्हा चालून आला. मग निरोप गेला, खानाला बुडवा, नाहीतर तोंड दाखवू नका.

पुढचं तुला तोंडपाठ आहे. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. गडहिंग्लजजवळची नेसरीची खिंड. सभासदाच्या बखरीत ही सैन्याची लढाई आहे. पण इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी त्याच वर्षी त्यांना लिहितो की दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत, पाठीमागून फौजेची साथ न मिळाल्यामुळे, प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले. मला हाच कागद खरा वाटतो. त्यात कौतुकाचा एक शब्द नाही आणि तरीही तो वाचताना पोटात कालवाकालव होते.

आता तूच सांग. सेनापतीने मागे फौज असताना सहा जणांनिशी शत्रूच्या गोटावर जावं? तुझ्या हाताखालच्या एखाद्या पोराने असं केलं असतं तर तू काय म्हणाला असतास? खान जिवंत राहिला. स्वराज्याचा सरनोबत गेला. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा प्रतापराव तिथे नव्हते. लष्करी हिशेबाने त्या दिवशी हाती काहीच लागलं नाही. हे म्हणताना मला आनंद होत नाही रे.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे आणि ते ऐकायच्या आधीच तू फोन ठेवलास.

हॉस्टेलच्या गच्चीवर आपण दोघं कुसुमाग्रजांची ती कविता म्हणायचो, आठवतं? ‘वेडात मराठे वीर दौडले सात’. तू ‘दौडले’वर असा काही जोर द्यायचास की खालच्या मजल्यावरची पोरं खिडक्या उघडायची. परवा रात्री ती एकट्याने, हळू आवाजात म्हणून पाहिली. त्या ओळीचा पहिला शब्द ‘वेडात’ आहे, श्रीरंग. इतकी वर्षं आपण त्या शब्दावरून घसरत ‘दौडले’वर जात होतो. कवीने काहीही झाकलेलं नाही. कविता सुरू होते तीच महाराजांच्या जिव्हारी लागणाऱ्या शब्दांनी. पुढे तलवार उपसण्याआधी त्या वीराच्या डोळ्यांचे काठ ओलावतात. तलवार म्यानातून बाहेर येते ती त्या ओल्या डोळ्यांनंतर. आणि शेवट? शेवटी जयजयकार नाही, वाऱ्यावर कुणीतरी विराणी गातंय. विराणी! विजयाला विराणी गातात का?

एक बदल मात्र कवितेत आहे, आणि तो मला टोचतो. तिथे बोल लागतो तो फौज रण सोडून पळाल्याचा. उमराणीला आपले कुणी पळाले नव्हते, तिथे तर जिंकून सोडलं होतं. पळपुटेपणाचा डाग पुसायला गेलेला माणूस आणि दया दाखवल्याचं प्रायश्चित्त घ्यायला गेलेला माणूस, यांतला दुसरा मला जास्त मोठा वाटतो. जास्त एकटाही वाटतो.

इंग्रजांकडे हेच घडलंय. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियातलं बालाक्लावा. इंग्रजांचा सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर, त्याला सगळं रण दिसतंय. शत्रू तोफा नेतोय, त्या अडवा, असा हुकूम त्याने खाली धाडला. खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लॉर्ड ल्यूकन, त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. कुठल्या तोफा, असं त्याने विचारलं तर हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने त्राग्याने हात फेकला, त्या काय तिकडे! तो हात कुठे वळला यावर सुमारे ६७० घोडेस्वार भलत्याच तोफखान्यावर गेले, तिन्ही बाजूंनी मारा झेलत. शंभरावर जागीच गेले, आणि पहिल्या काहींत नोलन स्वतः होता. या हल्ल्यावरची इंग्रज कवी टेनिसनची कविता ९ डिसेंबरला छापून आली, आणि तिच्यात कुणाचंतरी चुकलं हे वाक्य स्पष्ट आहे. पुढच्या वर्षी पुस्तकात घेताना त्याने ते काढलं. पण क्रिमियातल्या सैनिकांसाठी वेगळा कागद छापून पाठवायची वेळ आली तेव्हा ते परत घातलं. सैनिकांच्या हातात जाणाऱ्या कागदावर ते हवंच, असं त्याला वाटलं असावं.

तू मला सांगू शकशील का? तोंड दाखवू नका, हा हुकूम असतो की राग? रागाच्या भरात वरून आलेलं वाक्य खालचा माणूस हुकूम म्हणून ऐकतो तेव्हा काय होतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. महाराजांना त्या वाक्याची बोच राहिली असेल, असं मला मनापासून वाटतं. १६८०च्या मार्चमध्ये त्यांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजारामासाठी सून करून आणली. त्यानंतर तीनच आठवड्यांत महाराज गेले.

आणि मला सर्वांत जास्त आठवतात ते सहा जण. त्यांची म्हणून काही नावं सांगितली जातात, पण त्या काळच्या कागदात ती सापडत नाहीत. त्यांना पत्र आलं नव्हतं. त्यांना कुणी तोंड दाखवू नका म्हणालं नव्हतं. रावांचा घोडा सुटलेला दिसला आणि त्यांनी टाच मारली. राव चुकतायत हे त्यांना कळलं नसेल? मला वाटतं, कळलं होतं. तू फौजेत असताना एकदा म्हणाला होतास, पुढचा गेला की मागच्याचे पाय आपोआप निघतात, विचार नंतर येतो. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. त्या सहा जणांवर विचार करताना तुझं ते वाक्य कितीदा आठवलं. तू त्या दिवशी तिथे असतास तर आठवा झाला असतास. म्हणूनच ‘चूक’ हा शब्द तुला लागला. माझ्या ते आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

तरी शब्द मागे घेत नाही. चूक म्हणूनच मी त्या खिंडीपुढे मान खाली घालतो.

महाशिवरात्रीला नेसरीला जायचं का? गाडी मी चालवतो. खिंडीत उभं राहून कविता तूच म्हण, फक्त या वेळी पहिल्या शब्दावर जरा थांब. रविवारी सकाळी फोन करीन. उचल.

तुझा,
माधव