भयपटाला अंधार आणि शांतता मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी भयपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची तीन वाक्ये ठरलेली असतात. 'फार संथ आहे', 'नुसता अंधार आहे' आणि 'काही ऐकूच येत नाही'. यातले पहिले मत चित्रपटाविषयी आहे आणि ते ज्याचे त्याला लखलाभ. उरलेल्या दोन तक्रारी मात्र बहुतेक वेळा चित्रपटाच्या नसतात, तो ज्या पडद्यावर आणि ज्या आवाजात दाखवला गेला त्याच्या असतात. विनोदी किंवा कौटुंबिक चित्रपट मिणमिणत्या पडद्यावरही निभावून जातो. भयपटाचे तसे होत नाही, कारण त्यातली भीती जेमतेम दिसणाऱ्या आणि जेमतेम ऐकू येणाऱ्या गोष्टींवर उभी असते. त्या जेमतेम गोष्टी हरवल्या की जे उरते ते खरोखरच संथ वाटते.

प्रकाशाचे उदाहरण घ्या. १९७८ च्या 'हॅलोविन'मध्ये नायिका भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्यामागे दाराची काळी चौकट आहे. त्या काळोखात खुन्याचा पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. छायालेखक डीन कंडी यांनी मुखवट्यासाठी एक लहानसा दिवा डिमरवर लावला होता आणि तो सावकाश वाढवत नेला. नायिकेच्या आधी आपल्याला तो चेहरा दिसावा आणि तिला सांगता येत नाही म्हणून जीव कासावीस व्हावा, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. पडदा मंद असेल तर मुखवटा दिसतो तो खुनी हलल्यावरच. मग उरतो एक साधा दचका, आणि प्रेक्षक म्हणतो, यात काय विशेष?

पडद्याच्या उजेडाचे माप ठरलेले आहे. साध्या, म्हणजे टूडी चित्रपटासाठी पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लँबर्ट, म्हणजे सुमारे ४८ निट्स प्रकाश पडायला हवा. तो कमी पडण्याची कारणे अगदी घरगुती आहेत. प्रक्षेपकातला झेनॉनचा दिवा जसजसा जुना होतो तसतसा मंदावतो, पण तो बदलणे खर्चाचे असल्यामुळे शेवटच्या तासापर्यंत ताणला जातो. थ्रीडी खेळासाठी लावलेला फिल्टर किंवा भिंग पुढच्या टूडी खेळाला काढायचे राहून जाते आणि त्यात निम्म्याहून अधिक प्रकाश गिळला जातो. प्रक्षेपण कक्षाच्या काचेवर धूळ साचते. शिवाय पायऱ्यांचे दिवे आणि दारावरच्या पाट्या पडद्यावर झाक मारत असतील, तर काळा रंग काळा न राहता राखाडी होतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. कंदिलाच्या उजेडात आणि पावसाळी ढगांखाली घडणारा तो चित्रपट राखाडी पडद्यावर पाहणाऱ्याला त्यातले निम्मे कोपरे दिसलेलेच नसतात.

आवाजाची गोष्ट याहून गंभीर आहे. डॉल्बीच्या यंत्रावर आवाजाचा काटा ७ वर असला की तो चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाच्या वेळच्या पातळीवर असतो. प्रमाण चाचणीत पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरचा आवाज तेव्हा ८५ डेसिबल भरतो. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, कुणीतरी तक्रार करते आणि काटा ५ वर येतो. तो मूळ चित्रपटालाही तिथेच राहतो. ७ वरून ५ म्हणजे साडेसहा डेसिबलची घट. ४ वर आणला तर १० डेसिबल, म्हणजे कानाला आवाज जवळपास अर्धा वाटतो. ४ च्या खाली तर एकेका अंकाला २० डेसिबल जातात. किंकाळी तरीही ऐकू येते. कुजबुज, श्वास, दूरची पावले मात्र वातानुकूलन यंत्राच्या घरघरीखाली गाडली जातात.

पावलांचे मोल काय, हे १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये कळते. निर्माते व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टूर्नर. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्याने एक बाई चालली आहे आणि तिच्यामागून दुसरी. टाचांचे दोन ठेके ऐकू येतात. मग मागचा ठेका थांबतो. काहीही दिसत नाही, संगीतही नाही, फक्त एकच ठेका उरतो आणि तो जलद होत जातो. तेवढ्यात फिस्स आवाज करत एक बस चौकटीत घुसते आणि आपण उडतो. संकलक मार्क रॉबसन यांची ही क्लृप्ती एवढी गाजली की अशा खोट्या धक्क्याला चित्रपटवाले आजही 'बस' म्हणतात. पण दुसरा ठेका ऐकूच आला नसेल, तर तो थांबल्याचे कसे कळणार? मग बस म्हणजे नुसता गोंगाट.

हे आपल्याकडे ठाऊक नव्हते असे नाही. 'महल' (१९४९) मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या ध्वनिमुद्रणात लता मंगेशकरांनी सुरुवातीच्या ओळी मायक्रोफोनपासून दूर उभे राहून, हळूहळू जवळ येत गायल्या. एका मायक्रोफोनवर खोलीतले अंतर पकडायचा तो उपाय होता. त्या हवेलीतले भूत खरे तर या अंतरातच आहे. सगळा आवाज एका पातळीवर दाबला की ते अंतर जाते.

२०१८ च्या 'अ क्वाएट प्लेस'मध्ये बहिऱ्या मुलीच्या बाजूने दृश्य दिसते तेव्हा ध्वनिपट्टीच बंद केलेली आहे. अशा वेळी शेजारच्या पडद्यावरच्या मारामारीचे धमाके भिंतीतून येत असतील, तर दिग्दर्शकाने काय करावे? भयपटाला शांत बाजूचा पडदा द्यावा आणि शेजारी त्याच वेळी ढणढणाटी चित्रपट लावू नये, एवढे वेळापत्रक करणाऱ्याच्या हातात नक्की असते.

आता मध्यंतर. आपले लेखक पटकथा लिहितानाच मध्यंतराची जागा बांधतात, त्यामुळे हिंदी-मराठी रहस्यपटाला त्याचा फायदाच होतो. परदेशी चित्रपटात अशी जागा नसते, ती इथे बसून शोधली जाते आणि बऱ्याचदा घड्याळ पाहून शोधली जाते. हिचकॉकचा 'सायको' (१९६०) १०९ मिनिटांचा आहे. जिला आपण नायिका समजतो तिचा खून पाऊण तास उलटल्यावर होतो. त्यानंतर मोटेल चालवणारा नॉर्मन न्हाणीघर पुसतो, प्रेत गाडीत टाकतो, गाडी दलदलीत ढकलतो. या साऱ्यात जवळजवळ संवाद नाहीत. गाडी बुडता बुडता क्षणभर थांबते आणि आपण स्वतःच्याही नकळत ती बुडावी असे म्हणतो. खून झालेल्या बाईकडून आपले मन प्रेत लपवणाऱ्या माणसाकडे वळते ते या सलग दहा मिनिटांत. बरोबर अर्ध्यावर मध्यंतर घेतले तर ते याच दृश्यावर येईल! खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका, असा आग्रह हिचकॉकने चित्रपटगृहांकडे धरला होता. आपण मात्र पंधरा मिनिटांसाठी सगळ्यांनाच बाहेर सोडतो आणि परत येताना मोबाइलच्या बॅटऱ्या पेटवतो.

खाद्यपदार्थांच्या विक्रीवर चित्रपटगृहे चालतात, हे मान्य. म्हणून मागणी मर्यादित आहे. १०० मिनिटांपेक्षा छोट्या परदेशी भयपटांना आणि रहस्यपटांना मध्यंतर नको. खेळाआधी पंधरा मिनिटे विक्रीसाठी ठेवा, जागेवर मागवायची सोय द्या. मोठ्या चित्रपटांना मध्यंतर घ्यायचेच असेल तर दृश्य संपल्यावर घ्या, शक्यतो पडद्यावर दिवस उजाडल्यावर, आणि दिवे एकदम भक्कन लावू नका. पणजीच्या इफ्फी आणि पुण्याच्या पिफ या चित्रपट महोत्सवांत चित्रपट सलग दाखवले जातात आणि तिथे प्रेक्षक कुरकुरत नाहीत.

डबिंगबद्दल थोडक्यात. ना हाँग-जिन यांच्या 'द वेलिंग' (२०१६) या १५६ मिनिटांच्या कोरियन चित्रपटात खेड्याबाहेर राहणारा परका माणूस जपानी आहे. त्याच्याशी बोलायला जपानी जाणणारा एक तरुण धर्मसेवक सोबत न्यावा लागतो. संशय वाढतो तो भाषा न कळण्यातून, मध्ये दुभाषा असण्यातून. सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा घातली तर दुभाष्याला तिथे कामच उरत नाही. शिवाय डबिंगमध्ये मूळ संवादांबरोबर नटाचे श्वास, आवंढे आणि हुंदकेही जातात. ते बंद खोलीत पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागतात आणि घाईच्या कामात पहिल्यांदा तेच गाळले जातात. मूळ भाषा आणि खाली उपशीर्षके, हाच भयपटाला न्याय आहे.

घरी पाहणाऱ्यांच्याही हातात बरेच आहे. हिदेओ नाकाता यांच्या 'रिंगु'त (१९९८) सदाको या भुताची ती अंगावर येणारी चाल कशी केली? अभिनेत्रीला उलटे चालवून चित्रीकरण केले आणि मग ते उलट्या दिशेने दाखवले. वजन पडायला हवे तिथे पडत नाही, सांधे नको तिथे वळतात. नव्या टीव्हीत कारखान्यातूनच चालू येणारी मोशन स्मूदिंगची सोय चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) मध्ये स्वतःच्या चौकटी भरते आणि ही चाल गुळगुळीत करून टाकते. ती आधी बंद करा. सॅमसंगमध्ये ती ऑटो मोशन प्लस, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो या नावाने सापडेल. चित्राची पद्धत 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. वीज वाचवणारा आणि खोलीतल्या उजेडानुसार चित्र मंद करणारा पर्याय बंद करा, कारण खोलीत अंधार केला की तो चित्रही अंधारात नेतो. काळ्याची पातळी लावायला रुंद चित्रपटाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या वापरा. पातळी वाढवून पट्ट्या राखाडी होऊ द्या आणि मग त्या जेमतेम काळ्या होतील इतकी उतरवा. त्याखाली नेलीत तर अंधारातला तपशील गिळला जाईल. त्या पट्ट्या घालवण्यासाठी 'झूम' कधीही वापरू नका, 'हॅलोविन'सारख्या रुंद चित्रपटात धोका नेमका चौकटीच्या कडेला उभा असतो. आवाजातला 'नाइट मोड' बंद हवा, कारण तो मोठे आवाज दाबतो आणि लहान आवाज वर आणतो. शेजारी झोपले असतील तर हेडफोन लावणे बरे. दिवा हवाच असेल तर तो टीव्हीच्या मागे ठेवा, समोर नको.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला विनंती. भयपटाच्या परीक्षणात तो मूळ भाषेत पाहिला की डब केलेला, मध्यंतर कुठे येते आणि पडदा-आवाज कसा होता, हे दोन ओळींत द्यावे. वाचकाला तारांकनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि शेवट फोडू नये. क्लूझो यांच्या 'ले दियाबोलिक'च्या (१९५५) अखेरीस पडद्यावरच एक पाटी येते आणि पाहिलेले मित्रांना सांगू नका अशी प्रेक्षकांना विनवणी करते. परीक्षकांनी ती आपल्यासाठीही आहे असे समजावे.

चित्र मंद किंवा आवाज बारीक वाटला तर प्रेक्षकांनी पहिल्या दहा मिनिटांतच उठून व्यवस्थापकाला गाठावे आणि नेमके विचारावे. थ्रीडीचा फिल्टर काढला आहे का? आवाजाचा काटा कितीवर आहे? दोन्ही गोष्टी खेळ चालू असताना दुरुस्त करता येतात.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर