अडुळशाच्या बाटलीवर न छापलेला मजकूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अडुळशावरचा लेख वाचला. खोकला, दमा, क्षय, रक्तदाब, सांधेदुखी, सगळ्यावर अडुळसाच, आणि शेवटी ‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ असे ठोकून दिलेले. कराडात माझे औषधांचे दुकान आहे आणि थंडी सुरू झाली की अडुळशाच्या बाटल्या रोज खपतात, म्हणजे माझा धंदा या लेखाने वाढणारच. तरीही त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहावेसे वाटले.

अडुळसा आपल्याला नवा नाही. बांधाला, परड्याच्या कुंपणाला तो लावतात कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. पांढऱ्या फुलातला मध पोरे चोखतात. पण पानाचा रस काढायचा म्हटले की दमछाक होते. नुसते ठेचून पिळले तर हाताला चोथा लागतो, रस थेंबभर. म्हणून जुन्या बायका जून पाने केळीच्या पानात गुंडाळत, वरून मातीचा लेप देत आणि ती पुरचुंडी चुलीतल्या निखाऱ्यात भाजत. माती तांबूस झाली की बाहेर काढून गरम असतानाच फडक्यातून पिळायची. आयुर्वेदात यालाच पुटपाक म्हणतात. तो काळपट, जहर कडू रस चमचाभर आणि वर मध. कुणी पेला भरून पीत नसे. हे प्रमाण लेखात कुठेच नाही. ‘रोज सकाळी एक ग्लास अडुळशाचा काढा’ असे मात्र आहे!

अडुळशात दम आहे, हे मीच आधी सांगतो. त्याच्या पानात व्हॅसिसिन नावाचे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारे एक रसायन, असते. त्याच्या रेणूवरून बेतलेले ब्रोमहेक्सिन 1963 पासून कफ पातळ करणारे औषध म्हणून वापरात आहे. ब्रोमहेक्सिनचे शरीरात जे रूपांतर होते ते ॲम्ब्रोक्सॉल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही दोन नावे येत नाहीत असा दिवस माझ्या दुकानात जात नाही. चिकट कफ सुटावा म्हणून आजी अडुळसा देत होती ते उगीच नव्हते. पण नुसत्या अडुळशाच्या, माणसांवर नीट तुलना करून घेतलेल्या मोठ्या चाचण्या फारच थोड्या आहेत. ब्रोमहेक्सिनचे पुरावे काढ्याच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. गोळीत मात्रा मोजलेली असते, तर पानातले व्हॅसिसिन झाडागणिक आणि हंगामागणिक कमी-जास्त होते. रक्तदाब आणि सांधेदुखीचे दावे लेखकाने कशाच्या जोरावर केले ते त्यांनाच ठाऊक.

आता दुष्परिणामांचे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत व्हॅसिसिनवर बरेच काम झाले. त्यात प्राण्यांच्या गर्भाशयाचे आकुंचन वाढते असे दिसले, इतके की प्रसूतीसाठी त्याचा औषध म्हणून विचार झाला. हा गुण परंपरेलाही माहीत होता. बाळंतपण लवकर व्हावे म्हणून अडुळशाचे मूळ वापरल्याच्या नोंदी आहेत, आणि देशाच्या काही भागांत गर्भ पाडण्यासाठी पाने वापरल्याच्याही. म्हणून गरोदर बाईने डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय अडुळसा घेऊ नये. माझ्या दुकानात सासू सुनेसाठी बाटली मागते, ‘तिला दिवस गेलेत, इंग्रजी औषध नको, झाडपाल्याचंच द्या’ म्हणते. अशा वेळी मी बाटली परत फळीवर ठेवतो आणि दवाखान्यात पाठवतो. गिऱ्हाईक नाराज होऊन जाते, काही जण समोरच्या दुकानातून घेतातही. बाटलीवर हा इशारा असतो का म्हणाल तर बहुतेक ठिकाणी नाही, आणि असला तर भिंगाने वाचावा लागतो, तोही इंग्रजीत.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचे सिरप प्यायलेली लहान मुले दगावली. तेव्हापासून ‘अडुळशाचंच द्या’ म्हणणारे वाढले. आईबापांची भीती रास्त आहे. पण त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले होते. बाटलीवर पानाचे चित्र आहे म्हणून आतला द्रव शुद्ध, असे होत नाही. तो तपासलेलाच असावा लागतो. शिवाय यातल्या पुष्कळ सिरपांत साखर भरपूर असते, ते मधुमेहींनी पाहावे. आसव-अरिष्ट प्रकारात आंबवल्यामुळे तयार झालेला अल्कोहोल असतो. आणि महाबळेश्वरचा मध आपल्या जिल्ह्याचा अभिमान खरा, तिथले मांघर तर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ झाले, पण वर्षाच्या आतल्या बाळाला अडुळशाबरोबर काय, कशाबरोबरच मध चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम ही जिवावर बेतणारी जंतूंची विषबाधा होऊ शकते.

क्षयाबद्दल एवढेच, की दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, वजन उतरत असेल किंवा थुंकीतून रक्त येत असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे फुकट आहेत, उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपयेही मिळतात. अडुळशाने खोकला हलका झाला म्हणून रुग्ण महिनाभर घरीच थांबला, तर तोवर घरातल्या इतरांनाही लागण होते.

आपल्याला विनंती अशी, की गरोदरपणाचा, प्रमाणाचा आणि थुंकी तपासणीचा मजकूर येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा. अन्न व औषध प्रशासनानेही अडुळशाच्या प्रत्येक बाटलीवर गरोदरपणाचा इशारा मराठीत सक्तीचा करावा. तोवर माझ्या दुकानात तो मी हाताने लिहून फळीला चिकटवला आहे.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता,
कराड, जि. सातारा