मावशी, तुम्ही दाखवलेल्या त्या पत्रांसाठी

प्रिय मावशी,

हे आभार मी चारचौघांत मानते आहे, कारण माझ्यासारखी पुष्कळ मुलं इकडच्या शाळांत एकेकटी बसलेली आहेत.

नाशिकहून आम्ही पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये आलो, तेव्हा मी आठवीत होते. वर्गात गोरी नसलेली आम्ही दोघंच, मी आणि एक कृष्णवर्णीय मुलगा. गुलामगिरीचा धडा आला की सगळ्या नजरा त्याच्याकडे वळायच्या. मग भारताचा धडा आला, पुस्तकात जातिव्यवस्थेचा पिरॅमिड, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. ‘तू यातल्या कुठल्या पायरीवर?’ कुणीतरी अगदी सहज विचारलं. मला तोंडच उघडता आलं नाही. आई म्हणाली, आता तसलं काही राहिलेलं नाही असं सांगून टाक. बाबा म्हणाले, अभ्यासात पुढे राहा, आपोआप मान मिळेल. दोघंही मायेनंच बोलत होते, पण उत्तर मिळालं नाही.

ते तुम्ही दिलंत. रविवारच्या मराठी शाळेनंतर चहा घेताना तुम्ही सांगितलंत, की तुमच्या वडिलांना विदर्भातल्या शाळेत वर्गाबाहेर बसवायचे. खिडकीतून कानावर पडेल तेवढं ते शिकले. मग लॅपटॉपवर बाबासाहेबांचं पत्र उघडलंत. १९४६ सालचं, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना लिहिलेलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांची आणि इथल्या कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असं ते लिहितात. ३१ जुलैचं डू बॉइस यांचं उत्तरही तिथंच होतं. आणि हे डू बॉइस १८६८मध्ये जन्मले ते ग्रेट बॅरिंग्टनला, म्हणजे आमच्याच भागात! त्यांचे कागद ॲमहर्स्टच्या विद्यापीठात जपलेले आहेत. तोवर मला वाटायचं, इथल्या इतिहासाशी माझं काही नातंच नाही.

वर तुम्ही जोतीरावांची ‘गुलामगिरी’ काढलीत. १८७३ सालचं पुस्तक, आणि अर्पण केलंय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. नाशिकच्या शाळेत फुल्यांवरचा धडा मला पाठ होता, हे पान मात्र कुणी दाखवलं नव्हतं.

दोन्ही पत्रं मी वर्गात वाचली. पायरीचं उत्तरही दिलं: माझं घर वरच्या पायरीवरचं, आणि ज्यांनी मला हे शिकवलं त्यांच्या वडिलांना वर्गात बसू दिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या वर्गात खाली मान न घालता बोलले. तुम्ही मला नुसता धीर देऊन परत पाठवू शकला असता. तसं केलं नाहीत, स्वतःच्या घरातलं दुःख माझ्यापुढे ठेवलंत. हे ऋण मोठं आहे, मावशी.

तास संपल्यावर तो मुलगा माझ्या बाकापाशी आला आणि विचारलं, ‘आंबेडकरांनी आणखी काय लिहिलंय?’ तेव्हापासून आमची मैत्री आहे.

यंदा १४ एप्रिलला तुमच्याकडे जयंतीला मी येतेय. तोही येतो म्हणतोय. आईबाबांनाही घेऊन येऊ का?

तुमची विद्यार्थिनी