मालवाहू विमानाचा उतार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा घर बदलताना हमालांनी फळी लावून लोखंडी कपाट टेम्पोत सरकवलं आणि आपल्या वडोदऱ्यात ज्याचा कारखाना आहे ते सी-२९५ हे लष्करी मालवाहू विमान आठवलं. पंख वर, चाकं पोटाच्या कडेच्या फुगवट्यांत, त्यामुळे विमानाचं पोट जमिनीलगत. मागचं दार उघडलं की तेच फळी होतं! त्यासाठी शेपटीखालचा भाग वर उचलावा लागतो. हवेचा अडसर वाढतो, इंधन जास्त लागतं. जेटपेक्षा वेगही कमी. पण आखूड, कच्च्या धावपट्टीवर उतरता येतं, आणि सीमेवरच्या जवानाला तेच हवं असतं. हवाई दलाने मागवलेल्या एकूण ५६ पैकी ४० विमानं इथे बनायची आहेत. शाळकरी मुलांना एक तरी जवळून दाखवा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा