शुगरच्या गोळ्या स्वस्त झाल्या, दवाखान्याच्या वेळेचं काय?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

देशात १० कोटींच्या वर लोकांना शुगर आहे असं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात आलं, तरी अजून बऱ्याच जणांना हा एसीत बसणाऱ्या साहेब लोकांचा आजार वाटतो. एकदा आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात येऊन बघा. विडी वळणारी बाई सकाळपासून मांडीवर सूप घेऊन एकाच जागी बसलेली, यंत्रमागावरचा माणूस बारा तास उभा, दोघांचंही पोट चहा आणि भातावर, आणि डॉक्टर सांगतात भात बंद करा, अहो रेशनला तांदूळच जास्त येतो ना.

गोळ्या महाग म्हणून लोक सोडतात म्हणतात, ते आता अर्धंच खरं. सरकारच्या जनऔषधी दुकानात मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या औषधाची दहा गोळ्यांची पट्टी १० रुपयांच्या आत मिळते. एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या दुसऱ्या औषधाचं पेटंट मार्च २०२५ ला संपलं, आधी एक गोळी ६० रुपयांच्या आसपास होती, आता बाकीच्या कंपन्यांची दहा-बारा रुपयात येते. पण चिठ्ठीवर डॉक्टर कंपनीचं नाव लिहितात, आमच्या माणसाला आतलं औषध कुठलं ते माहीत नसतं, मग तो जवळच्या मेडिकलमधून महागातलंच घेतो.

फुकट मिळायला सरकारी दवाखाना आहे, पण ओपीडी सकाळची, आणि विडी कंपनीच्या ब्रँचला वळलेल्या विड्या द्यायची वेळ पण सकाळचीच. लाईनीत उभं राहिलं की त्या दिवसाची हजेरी गेली, वर गोळ्या देणार आठ-दहा दिवसांच्या, म्हणजे परत खाडा! म्हणून आमच्या शेजारच्या काकू एक दिवसाआड गोळी घ्यायच्या, पुरवून पुरवून. एप्रिलात गच्चीवर अनवाणी गेल्या, शुगरने पाय बधिर झालेले, पाय भाजला ते त्यांना कळलंच नाही, सुनेला फरशीवर ओले डाग दिसले तेव्हा समजलं. शेवटी बोट काढावं लागलं. अॅडमिट झाल्या म्हणून सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसलं, पण ज्या गोळीने ते बोट वाचलं असतं ती आणि तीन महिन्याच्या शुगरची टेस्ट योजनेत नाही, कारण योजना अॅडमिट पेशंटसाठी. हा कुठला हिशोब?

इन्सुलिनवाल्यांचं तर विचारूच नका, मे महिन्यात ४२-४३ डिग्री, वर पत्रा, घरात फ्रीज नाही, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवतात.

महापालिकेने नवीन बिल्डिंग बांधायची गरज नाही. अशोक चौक, कुचन नगर, विडी घरकुल या भागात आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सहा ते नऊ ओपीडी चालवा, शुगर कंट्रोलमध्ये आहे त्यांना एकदम महिन्याच्या गोळ्या द्या आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहा. ज्यांना शुगर आहे हेच माहीत नाही त्यांची तपासणी विडीच्या ब्रँचवरच करा, तिथे बायका रोज येतातच की.

– एक वाचक, पूर्वभाग, सोलापूर