आधीचं काटोल ऐकावंच लागतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एकमेकांचं ऐकून घेणं संपलं, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकांनी सगळं खापर मोबाइलवर आणि तरुण पोरांवर फोडलं आहे. मला ते मुळीच पटलं नाही. माझ्या आईचं बोलणं ज्यांनी तोडलं ते साठीचे आहेत, आणि त्यांच्या हातात मोबाइल नव्हता.

आई ७६ वर्षांची. महिनाभर चक्कर येत होती म्हणून तिला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नेलं. दोन तास बसलो. काय काय सांगायचं ते ती महालापासून ऑटोत घोकत आली होती. आत गेल्यावर तिने सुरुवात केली, "गणपतीत मी भाचीकडे काटोलला गेले होते, तिथं..."

"आजी, काटोल राहू द्या. चक्कर कधीपासून येते तेवढं सांगा."

आई गप्प झाली. पुढे प्रश्न डॉक्टरांचे आणि उत्तरं माझी. चार तपासण्या लिहून मिळाल्या, त्या तिथल्या तिथे पैसे भरून करून घेतल्या.

परतताना बर्डीच्या सिग्नलवर ऑटो थांबला तेव्हा आई म्हणाली, "मला बोलूच कुठे दिलं बाप्पा! काटोलच्या डॉक्टरनं बीपीची नवी गोळी दिली न, ती अन् जुनी, दोन्ही घेते मी. हेच तर सांगत होते."

संध्याकाळी फोन केला. डॉक्टरांनी लगेच एक गोळी बंद केली. आठवड्याभरात चक्कर थांबली.

मी २२ वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी तपासल्या, हे मी दर वर्षी वर्गात सांगायची. पेशंटचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडलं जात होतं. ७४ पैकी फक्त १७ भेटींत त्याला सुरुवातीचं सांगणं पुरं करता आलं. गर्दीत वेळ कुठून आणायचा, असं डॉक्टर म्हणतात. पण २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पेशंटना मध्ये न तोडता बोलू दिलं, तर ते सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिट. आम्ही दोन तास बसलो होतो हो!

मला जास्त लागलं ते मात्र वेगळंच. आईने ही गोष्ट घरी दोनदा सांगायला घेतली होती. पोळ्या लाटता लाटता मी "हो आई, माहीत आहे" म्हणून मोकळी झाले. काटोल म्हटलं की भाचीच्या सासरची गाऱ्हाणी असणार, हे मी धरूनच चालले होते. आईच्या पिढीचं बोलणं ओळीने येतं. कोणाकडे, कधी, कशाला, आणि मग मुद्दा. तो हवा असेल तर आधीचं काटोल ऐकावंच लागतं.

जाता जाता तुम्हालाही एक सांगायचं आहे. गेल्या महिन्यात माझं पत्र छापलंत, त्याबद्दल आभार. पण शेवटचा परिच्छेद कापलात, आणि पत्र लिहिलं होतं ते त्याच्यासाठीच. म्हणून पुन्हा लिहिते: आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे, आणि त्याच खांबाखाली नालीवर झाकण नाही. आई रोज संध्याकाळी तिथूनच देवळात जाते.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर